घरातलं भांडण जिवावर कधी बेततं? ओळखायच्या खुणा

वाडीत एखाद्या घरचं भांडण चव्हाट्यावर आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती मारलंन? डोकं फुटलं, हात मोडला, टाके पडले, तर प्रकरण मोठं. थोबाडीत बसली, केस धरून ओढली, रात्रभर पडवीत काढली, तर ‘नवरा-बायकोचं चालायचंच’. गावकीचं, भावकीचं आणि पुष्कळदा पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्याचंही मोजमाप हेच. जखम जेवढी मोठी तेवढा धोका मोठा.

जीव वाचवायचा असेल तर हे मोजमाप कामाचं नाही. जखमेवरून काल काय झालं ते कळतं. उद्या काय होऊ शकतं याच्या खुणा वेगळ्या असतात, आणि त्यातल्या बऱ्याच खुणांत रक्त सांडलेलं नसतं.

या खुणा कुणी अंदाजाने काढलेल्या नाहीत. जॅकलिन कॅम्पबेल या मूळच्या परिचारिका. मार खाऊन दवाखान्यात आलेल्या बाईच्या जिवाला किती धोका आहे हे ओळखण्यासाठी त्यांनी 1985 साली एक प्रश्नावली तयार केली. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात असताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 11 शहरांचा अभ्यास केला, तो 2003 साली प्रसिद्ध झाला. नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या हातून मारल्या गेलेल्या बायका एकीकडे आणि मार खाऊनही जिवंत राहिलेल्या बायका दुसरीकडे ठेवून, दोन्ही घरांत आधी काय वेगळं घडत होतं ते त्यांनी तपासलं. आकडे तिकडचे आहेत, ते जसेच्या तसे दापोली-देवगडला लावू नयेत. पण गळ्याची शीर इथेही तीच आहे, आणि बायको हातची गेली म्हणून पेटून उठणारा माणूसही इथे नवा नाही.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे वादळ इथेच येणार असं नसतं. कधी ते वरच्या वर गुजरातकडे निघून जातं. तरी बावटा बघून शहाणा माणूस होडी लोटत नाही. पुढच्या खुणा तशाच वाचायच्या. एखादी दिसली म्हणून खून होणारच असं नाही, पण ती दिसल्यावर ‘बघू पुढे’ म्हणायची वेळ गेलेली असते.

गळ्याला हात

सगळ्यात वर ठेवायची खूण ही. मालवणकडे एखादी बाई बोलता बोलता सांगून जाते, “गळो धरल्यान, पण लगेच सोडल्यान.” ऐकणारी पुढच्या गोष्टीकडे वळते, कारण अंगावर वळ नाही, रक्त नाही, आणि बाई समोर चहा पीत बसलेली आहे.

मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या जातात. त्या दाबायला पैलवान लागत नाही. रक्त पुरतं अडलं तर पाच-दहा सेकंदांत शुद्ध हरपू शकते आणि दाब तसाच राहिला तर काही मिनिटांत जीव जातो. तेव्हा ‘लगेच’ म्हणजे नेमकं किती, यावर तिचं जगणं अवलंबून होतं आणि ते ‘लगेच’ तो ठरवत होता. नॅन्सी ग्लास आणि सहकाऱ्यांच्या 2008 सालच्या अभ्यासात दिसलं, की जिचा जोडीदाराने आधी कधी गळा दाबला होता तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता, इतर मार खाणाऱ्या बायकांच्या तुलनेत सातपटीहून जास्त होती. कारण समजायला कठीण नाही. थोबाडीत मारणारा दुखवतो. गळा धरणारा सांगतो की तुझा श्वास माझ्या मुठीत आहे. तोंडावर उशी दाबणं, छातीवर बसणं, डोकं पाण्यात बुडवणं हे सगळं याच खुणेत धरायचं.

कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो शहरात पोलिसांकडे आलेली गळा दाबण्याची 300 प्रकरणं तपासली, तेव्हा जवळजवळ निम्म्यांत बाहेरून काहीही दिसत नव्हतं. म्हणून वळ शोधत बसू नका, विचारा. आवाज बसलाय का? आवंढा गिळताना दुखतं का? डोळ्यांत किंवा पापण्यांवर लाल ठिपके आलेत का? मधला काही वेळ आठवतच नाही असं झालं का? कपड्यात लघवी झाली होती का? हा शेवटचा प्रश्न लाजेचा आहे आणि म्हणूनच तो हळू आवाजात, एकटीला, पण नक्की विचारायचा. शुद्ध गेली होती हे बऱ्याच जणींना त्यावरूनच कळतं.

आतली इजा उशिरा बोलते. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर गेली असेल तर तिथे गुठळी होऊन काही दिवसांनीही पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. म्हणून गळा दाबला गेला असेल तर बरं वाटत असलं तरी रुग्णालय गाठायचं, पोटुशी असेल तर दुप्पट घाईने. डॉक्टरांना ‘घसा दुखतोय’ असं सांगू नका, नाहीतर गुळण्यांचं औषध घेऊन परत याल. ‘गळा दाबला, एका हाताने की दोन, किती वेळ, काळोखी आली की नाही’ असं सरळ सांगा आणि ते केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. पोलिसांतही तेच. ‘मारहाण केली’ एवढंच कागदावर आलं तर प्रकरण किरकोळ दुखापतीत जमा होतं. प्रसंग जसा घडला तसा लिहिला गेला, तर त्यावरून खुनाच्या प्रयत्नाचं कलम, भारतीय न्याय संहितेतलं 109, लागू शकतं.

बंदूक, कोयता, बाटली

कॅम्पबेल यांच्या अभ्यासात मारणाऱ्याच्या हाताशी बंदूक असेल तर बाईचा खून होण्याची शक्यता सुमारे पाचपट वाढलेली दिसली. हे वाचून ‘ते अमेरिकेत’ असं म्हणायचा मोह होतो. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात डुकरं आणि माकडं राखायला शेतसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक कितीतरी घरांत आहे. काही ठिकाणी बिनपरवान्याचीही असते, ते उघड गुपित आहे. बंदूक बागेसाठी आहे की बायकोला दाखवण्यासाठी, हा फरक घरातल्या बाईला बरोबर कळतो. भांडणात ती खुंटीवरून खाली आली, साफ करताना मुद्दाम समोर बसून साफ केली, ‘एक गोळी तुझी’ असं बोललं गेलं, तर पोलिसांना सांगायचं. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 17 नुसार परवाना देणारा अधिकारी सुरक्षिततेच्या कारणाने परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतो. निवडणुकीला बंदुका जमा करून घेतात हे गावाला माहीत आहेच. बाईच्या जिवासाठी जमा करा असं म्हटलं की मात्र कपाळावर आठ्या पडतात.

कोयता प्रत्येक घरात असतो, त्यामुळे तो असणं ही खूण नव्हे. तो रात्री उशाशी येणं, मानेला लावून दाखवला जाणं ही खूण. पेट्रोलची किंवा रॉकेलची बाटली अंगावर ओतून ‘काडी लावू?’ असं विचारणं, आंब्यावर मारायचं औषध समोर ठेवून ‘हे घे नाहीतर मी घेतो’ म्हणणं, विहिरीच्या काठापर्यंत ओढत नेणं, हेही त्यातच. काडी लावली नाही, ढकललं नाही, म्हणून तो प्रसंग ‘काही झालं नाही’ असा मोजायचा नाही.

मार नाही, पण दोरी आखूड

काही घरांतून कधी आवाजच येत नाही. माणूस सभ्य, देवळात पहिला, वर्गणीत पुढे. आणि बायको? तिला माहेरी जाऊन दोन वर्षं झालेली. बचत गटाचं पासबुक त्याच्याकडे. आधार कार्ड, बँकेचं कार्ड, जन्मदाखले सगळं त्याच्या कपाटात. काजूच्या कारखान्यातली मजुरी घरी येताच त्याच्या हातात. हळदीकुंकवाला गेली तर कितीला गेली, कितीला आली, वाटेत कोण भेटलं. नवरा मुंबईला असला तरी सुटका नाही. दिवसातून दहा वेळा व्हिडिओ कॉल, ‘फोन फिरव, खोली दाखव’, आणि पुतण्या किंवा सासू खबर पोचवायला. नेटवर्क गेलं म्हणून फोन लागला नाही तर त्याचाही जाब.

याला लोक काळजी म्हणतात, प्रेमही म्हणतात. ब्रिटनमधल्या संशोधक जेन मंक्टन स्मिथ यांनी जोडीदाराच्या हातून झालेल्या 372 खुनांचा मागोवा घेतला. त्यात ‘एकाएकी डोकं फिरलं’ ही गोष्ट टिकत नाही. आधी ताबा, मग तो ताबा सुटतोय अशी भीती, मग धमक्या, मग विचार आणि तयारी, असा रस्ता दिसतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये असा सततचा ताबा 2015 च्या कायद्याने गुन्हा ठरला. आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा 2005 चा कायदा शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबर शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाचारात धरतो. पैसे अडवणं, स्त्रीधन विकणं, घराबाहेर काढणं यासाठी बाईला हात मोडून घ्यावा लागत नाही.

ताब्याच्या सोबतीला संशय असेल तर जास्त जपायचं. एसटीच्या थांब्यावर उभं राहून कोण उतरतं ते बघणं, कामाच्या ठिकाणी अचानक येऊन जाणं, मूल माझं नाहीच असं म्हणणं. आणि ‘माझी नाही तर कुणाचीच नाही’ हे वाक्य. आपल्याकडे ते नाटकी संवादासारखं ऐकलं जातं. ते जसंच्या तसं खरं मानायचं.

सोडून जाताना

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. लोक म्हणतात, एवढा मारतो तर सोडून का देत नाही? ती बाहेर पडली की सुटली असं वाटतं. प्रत्यक्षात निघायचं ठरल्यापासून पुढचे काही आठवडे, महिने सगळ्यात धोक्याचे असतात. जो माणूस ताब्यावर जगतो त्याचा ताबा त्याच वेळी तुटतो.

आता आपल्याकडची रीत बघा. बाई माहेरी आली की चार दिवसांत गावकी बसते, नाहीतर दोन्हीकडचे मानकरी. बैठकीची तारीख दोन्ही घरांना आधी कळवतात. गणपतीला चाकरमानी आले की ‘सगळे आहेत तर मिटवून टाकू’ म्हणून पुन्हा बैठक. वकिलाची नोटीस पोस्टाने जाते. समुपदेशनाला दोघांना एकाच वेळी बोलावतात आणि दोघं एकाच गेटातून, एकाच वेळी बाहेर पडतात. यातली प्रत्येक गोष्ट त्याला सांगते की ती कधी आणि कुठे सापडेल. बांध, पायवाट, पाण्याचं पन्हळ यांचे तंटे गावकीने आणि तंटामुक्ती समितीने जरूर मिटवावेत. जिथे गळ्याला हात गेलाय किंवा मारण्याची धमकी आहे, तिथे ‘दोघांनी थोडं थोडं घ्या’ हा न्याय जीव घेऊ शकतो. ‘नांदायला पाठवा’ म्हणणारे पंच परत गेलेल्या बाईच्या घरात रात्री झोपायला जात नाहीत.

म्हणून निघणं हे भांडणाच्या तिरीमिरीत न होता ठरवून झालं तर बरं. तो बोटीवर किंवा कामावर असताना. जाते म्हणून न सांगता. आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, मुलांचे दाखले, औषधं, थोडे पैसे हे आधीच विश्वासाच्या घरी एका पिशवीत. माहेर हे त्याचं पहिलं शोधायचं ठिकाण, तेव्हा सुरुवातीला तिथेच जायचं का याचा विचार. गावात मुक्कामाची गाडी रात्री येते आणि पहाटे सुटते, त्या पहाटेच्या गाडीत अख्खी वाडी ओळखीची असते. शक्य तर दुसऱ्या थांब्यावरून चढावं. फोनमधलं लोकेशन बंद. स्टेटसला काही नको. शाळेत सांगून ठेवायचं की मुलांना न्यायला कोण येईल आणि कोण आलं तर सोडायचं नाही.

लगेच धोका असेल तेव्हा यातलं काही करत बसायचं नाही. मुलांना घेऊन निघायचं, कागद नंतर मिळतात.

आणखी काही, थोडक्यात

‘मी जीव देईन’ ही धमकी फक्त त्याच्या जिवाची नसते. ‘तुला मारीन आणि मीपण मरेन’ असं म्हणणाऱ्याला पुढची भीती उरलेली नसते. दारूबद्दल गावात सहानुभूती फार, ‘उतरली की देवमाणूस आहे’. बघायचं ते हे की न पिता तो काय करतो, आणि पिऊनही सरपंचाच्या अंगावर का जात नाही. मारणाऱ्याच्या हाताला काम नसणं ही खूणही अभ्यासात ठळक होती. 1 जून ते 31 जुलै मासेमारीची बंदी, माणूस घरात, पैसा बंद, पागी-खलाशांच्या वस्तीत हे सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक रिकामा माणूस मारत नाही, पण जो आधीच मारतो त्याच्या घरावर या दिवसांत लक्ष ठेवावं. गरोदरपणात पोटावर लाथ, जबरदस्तीचा संबंध, पहिल्या नवऱ्याचं मूल घरात असणं, पाळलेलं कुत्रं किंवा वासरू मुद्दाम मारणं. आणि या सगळ्याच्या वर एक: मार वारंवार होऊ लागलाय का, आधीपेक्षा जोराचा होतोय का.

हे नवरा-बायकोपुरतंच नाही. जुन्या घरात एकटी राहणारी आई आणि जमीन नावावर कर म्हणून पिऊन येणारा मुलगा, तिथेही गळा, कोयता आणि ‘बघतोच तुला’ यांचा अर्थ तोच.

ती काय म्हणते

बाई म्हणाली ‘हा मला एक दिवस मारणार’, तर तिच्यावर विश्वास ठेवा. तिने त्या माणसाची पावलं पडवीत कशी वाजतात यावरून रात्र कशी जाणार ते ओळखलेलं असतं. उलट ती म्हणाली ‘नाही हो, तो एवढ्या थराला नाही जाणार’, तर मात्र निर्धास्त होऊ नका. कॅम्पबेल यांच्या अभ्यासात मारल्या गेलेल्या किंवा मरता मरता वाचलेल्या बायकांपैकी जवळजवळ निम्म्यांना आपल्या धोक्याचा नीट अंदाज नव्हता. तिची भीती पुरावा आहे, तिचा धीर पुरावा नाही.

विचारायचं ते एकटीला. सासूसमोर, दिरासमोर, मुलांसमोर नाही. आशाताई, अंगणवाडीसेविका, बचत गटातली बाई यांना घरात जायला कारण असतं, हा मोठा फायदा आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसा सोसलेल्या बायकांपैकी सुमारे 14 टक्क्यांनीच कुणाकडे मदत मागितलेली होती. म्हणजे ती येईल आणि सांगेल याची वाट बघण्यात अर्थ नाही. ‘भांडता का गं तुम्ही?’ याला उत्तर ‘नाही’ असंच येतं. ‘कधी गळा धरलाय का? कधी वाटलं का आता मरते?’ याला कधी कधी नुसती मान हलते. त्यावर लगेच सल्ला द्यायचा नाही, आणि त्याला जाऊन जाब तर मुळीच विचारायचा नाही, तो राग तिच्यावरच निघतो.

आत्ता, या क्षणी मारतोय असं ऐकू आलं तर 112. शेजाऱ्यानेही करायचा. सल्ला, निवारा, पुढचा मार्ग यासाठी महिला हेल्पलाइन 181, मुलांसाठी 1098. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, दवाखाना, पोलीस आणि वकील यांची मदत एकत्र मिळते. वकील परवडत नाही ही अडचण नाही: विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला तिचं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्याचा क्रमांक 15100. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला म्हणून पोलिसांना तिला परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने नोंद करून ती पुढे पाठवायची असते. 2005 च्या कायद्याच्या कलम 4 नुसार कुणीही, अगदी शेजारीही, संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, खबर देऊ शकतो. ती खऱ्या भावनेने दिली असेल तर त्याच्यावर कारवाई होत नाही.

पावसात वीज गेली की दोन-दोन दिवस रेंज नसते, तेव्हा हे सगळे क्रमांक कागदावरच राहतात. म्हणून शेजारच्या एका घराशी एखादी खूण ठरवून ठेवावी: मागच्या दाराला अमुक रंगाचा टॉवेल, किंवा मुलाने येऊन ‘आईने विरजण मागितलंय’ म्हणायचं. तो शब्द आला की शेजाऱ्याने पोलीस पाटलाकडे माणूस धाडायचा आणि शक्य तेवढे लोक घेऊन अंगणात उभं राहायचं.

न्यायदंडाधिकाऱ्यांकडून संरक्षण आदेश मिळाला तर तो देव्हाऱ्याखाली जपून ठेवायचा कागद नाही. एक प्रत पोलीस ठाण्यात, एक पोलीस पाटलाकडे, एक शाळेत, आणि फोनमध्ये फोटो. आदेश मोडला तर 2005 च्या त्याच कायद्याच्या कलम 31 नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पहिल्यांदा मोडला की पहिल्यांदाच कळवायचं. तो नुसता गेटाशी येऊन उभा राहिला असला तरी.